खो

पहाटे साडेपाचला आधी डावी टाच उठते,
मग मी.
पलंगाच्या कडेला बसून तिची ओळख करून द्यावी लागते:
ही फरशी, ही तू,
अगं, कालच भेटला होतात.
पहिली पाच पावलं काचेवरून.
सहावं जरा माणसाचं.

दाराच्या चौकटीशेजारी पेन्सिलीच्या रेघा आहेत.
खालच्या माझ्या मुलाच्या. निषादच्या.
पहिली, दुसरी, चौथी
(तिसरीत त्याला कावीळ झाली, राहून गेलं).
त्यांच्या बाजूला, तारखेसकट, माझ्या.
फिजिओवाल्या शिरीन मॅडमनी सांगितलंय,
बोटांनी भिंत चढायची मुंगीसारखी,
आणि खांदा ओरडेल तिथे खूण करायची.
बारा जूनला मी निषादच्या चौथीएवढी होते.
गणपतीपर्यंत सातवीत गेले.
नवरात्रात पुन्हा पाचवीत आणून बसवलं.
या शाळेत नापास करतात
आणि कारण सांगत नाहीत.

मी खो-खो खेळायचे.
हे आता मी कुणाला सांगत नाही,
समोरचा आधी माझ्या पोटाकडे बघतो.
पण खेळायचे.
नायगावच्या मैदानात, धुळीत, अनवाणी,
एकदा चार मिनिटं दहा सेकंद पळाले होते,
मागे कल्पिता तांडेल,
जिच्या हातातून वारासुद्धा सुटायचा नाही.
त्याच मोसमात खांबाला वळसा घेताना
गुडघा कट्‌कन काहीतरी बोलला.
सरांनी आयोडेक्स चोळलं. म्हणाले, काही झालेलं नाही, ऊठ.
झालं होतं.
एकतीस वर्षांनी एमआरआयवाल्याने सांगितलं,
तेही पैसे भरल्यावर.

आता दुखणं खेळतं माझ्यात.
नियम तेच.
खांद्यातून सुटतं, मानेपर्यंत धावतं,
वळतं,
गुडघ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतं, खो!
गुडघा उठतो.
आणि हे साहेब त्याच्या जागी उकिडवे बसतात,
तोंड पलीकडे करून, आपण त्या गावचेच नव्हे असे.
मग टाच. मग कंबर.
आठ जण रांगेत, एकाआड एक पाठमोरे,
नववा माझ्या मागावर.
आणि पळायला मी एकटी.

पंधरा दिवस विश्रांती घ्या, असं एकदा सांगितलं होतं.
घेतली.
दूध आणायलाही ह्यांना पाठवलं.
दुखणं तेवढंच राहिलं,
मी कमी झाले.
सोळाव्या दिवशी जिना उतरताना
तळमजल्याच्या मावशींनी विचारलं, कोण गं तू?
त्यांना मोतीबिंदू आहे, मान्य.
तरी लागलं.

म्हणून मैदान.
फेऱ्या मी मोजत नाही, रामसजीवन मोजतो,
शेजारच्या बँकेचा वॉचमन, रात्रपाळी संपवून चहा पीत.
"ताई, काल सहा झाल्या. आज चारच?"
टाच माहेरी गेलीय, मी म्हणते.
तो हसत नाही. त्याच्या हिशेबात चारच लागतात.
मुलं स्टंप रोवत असतात, मला बघून थांबतात,
"काकी जाऊ दे" म्हणतात.
जाते.
कधी चांगल्या पायावर, कधी दुसऱ्या,
कधी नुसती हुलकावणी देत,
खांद्याला वाटावं डावीकडे निघाली
आणि मी उजवीकडे.
दर वेळी जमतं असं नाही.
मंगळवारी कठड्याला धरून उभी राहिले दहा मिनिटं
आणि लोकांना वाटावं फोन आलाय
म्हणून बंद फोन कानाला.

दिवाळीच्या रंगाला परवा रफीक आला.
चौकटीजवळ येऊन थांबला,
हे घासून काढू ना, बाई?
म्हटलं, एवढी पट्टी सोड.
किती उंचीपर्यंत?
मी हात वर केला दाखवायला.
बोटं चालली, चालली,
कालच्या खुणेच्या एक बोट खाली थांबली.
तो ब्रश धरून उभा. थेंब पेपरवर पडतोय.
इथपर्यंत, म्हटलं.
मग म्हटलं, थांब,
तू स्टुलावर चढ,
आणखी वीतभर वरचीही सोडून दे.